पिवळी मादी, फाटक्या शेपटीचा नर आणि दोन फुटी टँक

वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात छोट्या सिक्लिड माशांवर लिहिलं होतं, म्हणजे ॲपिस्टोग्रामा, रॅम, क्रिबेन्सिस वगैरे, आणि शेवटी म्हटलं होतं की काही अडलं तर विचारा. तर बहुतेक पत्रं एकाच गोष्टीची आली, जोडी जमली, अंडी घातली आणि मग घरात रण पेटलं. म्हणून ह्यावेळी बाकी सगळे प्रश्न बाजूला ठेवून फक्त भांडणाचेच घेतलेत.

ताई नमस्कार, डोंबिवलीहून लिहितोय. दोन बाय एक बाय एक फुटाचा टँक आहे, त्यात कॉकॅटू ॲपिस्टोचा, म्हणजे ॲपिस्टोग्रामाच्या कॉकॅटू जातीचा, एक नर आणि दोन माद्या. चार दिवसांपूर्वी एक मादी एकदम पिवळीजर्द झाली, गुहा म्हणून ठेवलेल्या नारळाच्या करवंटीत अंडी दिसली, खूप आनंद झाला. काल ऑफिसातून येऊन बघतो तर नर हिटरच्या मागे अगदी वर लटकलेला, शेपूट फाटलेली, आणि दुसरी मादी फिल्टरच्या पाइपमागे दबून बसलेली. नर तिच्या जवळजवळ दुप्पट आहे तरी मार खातोय. दुकानवाले म्हणतात नर आजारी आहे, औषध टाका. मादीला बाहेर काढू का?

नाही, मादीला हात लावू नका, आणि औषध तर अजिबात नको. नर आजारी नाहीये, त्याला जायला जागा नाहीये. आज रात्रीच नर आणि दुसरी मादी दोघांना बाहेर काढा, उद्यावर टाकू नका, कारण वर कोपऱ्यात लटकलेला ॲपिस्टो म्हणजे त्याने हार मानलीये आणि खाली यायची सोय उरली नाहीये, असा मासा दोन-तीन दिवसांत जातो.

काढायचं कसं तेही सांगते. खोलीतला लाइट बंद करून अर्धा तास थांबा, मग छोट्या टॉर्चच्या उजेडात जाळीने काढा, अंधारात ते फारसे पळत नाहीत आणि आईही करवंटीजवळून हलत नाही. पंधरा-वीस लिटरचा टब घ्या, त्यात ह्याच टँकचं पाणी भरा, एक चालू असलेला स्पंज फिल्टर टाका, आत एखादी कुंडी आणि वर झाकण, झाकण विसरू नका कारण घाबरलेला ॲपिस्टो उडी मारतो. नर आणि दुसरी मादी एका टबात नको, दोन टब करा, किंवा मध्ये प्लास्टिकची जाळी लावा. फाटलेली शेपूट स्वच्छ पाण्यात आपोआप भरून येते, रोज थोडं पाणी बदला, तेवढं पुरतं. जखमेवर कापसासारखं पांढरं दिसलं तरच औषधाचा विचार करायचा.

आता हे का होतं ते समजून घ्या, कारण कळलं नाही तर पुढच्या वेळी परत तेच होणार. कॉकॅटू हा मूळचा पेरूकडच्या ॲमेझॉनच्या खोऱ्यातला मासा, संथ ओढ्यांत कुजलेल्या पानांचा जाड थर असतो तिथे राहतो. नर साधारण ८ सेंटीमीटर, मादी ५. नराची हद्द मोठी, आणि त्या हद्दीत तीन-चार माद्या आपापली छोटी जागा धरून असतात, प्रत्येकीची गुहा वेगळी, प्रत्येकीची पिल्लं वेगळी. अंडी-पिल्लं पूर्णपणे मादी सांभाळते, नराचं काम बाहेरच्या कुंपणाचं. म्हणजे गुहेजवळ त्याने यावं असं तिला मुळीच वाटत नाही, तो बाप असला तरी. तिथे ओढ्यात ती अंगावर धावून आली की तो हातभर लांब जातो आणि विषय संपतो. तुमच्या टँकची जमीन दोन फूट बाय एक फूट, तिची हद्दच तेवढी होते, मग तो कितीही पळाला तरी तिच्या हद्दीतच राहतो. पळता भुई थोडी म्हणतात ना, इथे ते शब्दशः खरं आहे. आणि तो मोठा असूनही उलटून मारत नाही, कारण पिल्लांच्या आईशी तो जीव तोडून भांडतच नाही, त्यामुळे तुम्हाला वाटतं की लहान मादी जिंकतेय.

पण एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, भांडणाच्या दोन दिशा असतात आणि त्या लोक एकत्र करून टाकतात. अंडी घातल्यानंतर मादी नराला मारते. अंडी घालण्याआधी नेमकं उलटं, नर तयार असतो, मादी नसते, आणि तो तिला सतत हैराण करतो. दुसरा प्रकार जास्त वाईट कारण त्यात मादी मरते. आगासिझी ही ॲपिस्टोचीच दुसरी जात, तिची माझी पहिली मादी अशीच गेली. नवीन नर आणला होता, रंग बघून मी हरखून गेले होते, दोन दिवस तो तिच्यामागे फिरत होता त्याला मी प्रेम समजले आणि तिसऱ्या सकाळी ती पानाखाली मिळाली. अठरा इंची टँक होता, दोष त्या नराचा नव्हता, मी त्यांना दिलेल्या जागेचा होता. म्हणून सांगते, मादीच्या पोटात अंडी भरून पोट गोल दिसत नसेल, आणि नर तिला खाऊ देत नसेल, तर आधी नराला वेगळा करा, तिला आठ-दहा दिवस एकटीला चांगलं खायला घाला, आर्टेमिया आणि डॅफ्निया हे पाण्यातले बारीक जीव, फ्रोझन ब्लडवर्म, आणि मगच परत सोडा.

तुमच्याकडे आता पुढे काय होईल, तर २६-२७ अंशांत तीनेक दिवसांत अंडी फुटतात, पिल्लं आणखी पाच-सहा दिवस करवंटीतच वळवळत असतात आणि मग आई एके दिवशी त्यांचा थवा बाहेर घेऊन येते. खरा राग तेव्हा असतो, आता आहे त्याच्या दुप्पट. तेव्हापासून महिनाभर तरी नर परत टाकायची घाई नको. तिचा पिवळा रंग उतरून ती करडी-फिकट दिसायला लागली की समजा ती मोकळी झाली. नर परत टाकताना दगड, लाकूड, करवंट्या सगळ्यांच्या जागा बदला, लाइट बंद ठेवा, म्हणजे कोणाचीच जुनी हद्द उरत नाही आणि सगळे एकदम नव्या घरात आल्यासारखे वागतात.

आणि खरं सांगू का, एक नर दोन माद्या हे दोन फुटात बसत नाही. दोन फुटात एक जोडी, तीही लक्ष ठेवून. दोन माद्या हव्या असतील तर निदान तीन फूट लांब आणि सव्वा फूट रुंद टँक घ्या. उंची वाढवून काही होत नाही, हे मासे जमिनीवर राहतात, त्यांना चौरस फूट लागतात, लिटर नाही. प्रत्येक मादीला दोन गुहा, म्हणजे दोघींना चार, तोंडं एकमेकींकडे नकोत, आणि तोंड इतकं लहान ठेवा की मादी जेमतेम आत जाईल आणि नर जाणार नाही. मध्ये लाकूड, दगड, क्रिप्टोकोरिन ह्या पाणवनस्पतीचं दाट बेट, अशी जमिनीपासून अर्ध्या टँकपर्यंत भिंत करा. मी काय करते सांगते, टँक लावून झाला की गुडघ्यावर बसते, काचेला डोळा लावते, एका गुहेच्या तोंडाच्या उंचीवर, आणि बघते की दुसरी गुहा दिसतेय का. दिसली तर परत लावायचं. नजर अडली की निम्मी मारामारी अडते.

अजून एक, वरच्या पाण्यात आठ-दहा शांत छोटे मासे ठेवा, पेन्सिलफिश किंवा एम्बर टेट्रा. लोकांना वाटतं पिल्लं खातील म्हणून काढून टाकतात, आणि एखाददोन पिल्लं जातातही, पण बाहेरचं कोणी समोर असलं की आई-बापाचा राग तिकडे जातो, कोणीच नसेल तर तो एकमेकांवर निघतो. शिवाय वर मासे निर्धास्त फिरताना दिसले की ॲपिस्टो पण दबून न राहता बाहेर येतात.

पुण्याहून. माझ्याकडे जर्मन ब्लू रॅमची जोडी आहे, दुकानातून "पक्की जोडी" म्हणूनच घेतली. तीन वेळा सपाट दगडावर अंडी घातली, तिन्ही वेळा दुसऱ्या दिवशी गायब. आता नर मादीला दिवसभर पळवतोय. नर बदलू का?

आधी मला सांगा अंडी गायब व्हायच्या आधी पांढरी झाली होती का? तुम्ही ते लिहिलं नाहीये पण सगळं त्यावर आहे. पांढरी झाली असतील तर ती फळलीच नव्हती आणि आईबापांनी साफ केली, ते त्यांचं कामच आहे. आणि मग पुढची शंका अशी की तुमचा नर नर आहे का? दोन रॅम माद्या एकत्र ठेवल्या तर त्या दोघी मिळून दगडावर अंडी घालतात, आणि बघणाऱ्याला वाटतं जोडी. मादीचं पोट गुलाबी असतं, आणि अंगावरच्या काळ्या ठिपक्यात निळे चमकदार कण असतात, नराचा ठिपका बऱ्याचदा कोरा काळा. बऱ्याचदा म्हणतेय, कारण फार्ममध्ये पिढ्यान्‌पिढ्या वाढवलेल्या रॅममध्ये हे सगळं गडबडलंय, त्यामुळे गुलाबी पोट जास्त भरवशाचं.

नर नर असेल, तर तीन वेळा अंडी गेली म्हणजे फार मोठी गोष्ट नाही, तरुण जोडीला चार-पाच वेळा लागतात, धीर धरा. पण "दिवसभर पळवतोय" ह्याने मात्र मी काळजीत आहे. रॅम आणि ॲपिस्टोमधला फरक बघा, ॲपिस्टोत नर अनेक माद्यांचा, रॅममध्ये खरी जोडी असते, दोघं मिळून उघड्यावर दगडावर अंडी घालतात आणि दोघं मिळून राखतात. म्हणजे इथे दोघांचं पटलंच पाहिजे, आणि दुकानात जाळीने उचललेले दोन मासे एका पिशवीत घातले म्हणून पटत नाही. आपल्याकडे स्थळं बघतात तेव्हासुद्धा दोघांना बोलू देतात की नाही, तसंच, पाच-सहा लहान रॅम एकत्र वाढवायचे, त्यातली दोघं आपणहून एक कोपरा धरतात आणि बाकीच्यांना हाकलतात, ती जोडी ठेवायची आणि बाकीचे दुसरीकडे द्यायचे. मी आजपर्यंत टिकलेल्या जितक्या जोड्या पाहिल्या त्या अशाच जमलेल्या.

आता लाडिगोडी कोणती आणि मारामारी कोणती ते ओळखायला शिका. समोरासमोर येऊन फिन्स ताठ करणं, शेजारी उभं राहून शेपटीने पाणी मारणं, तोंडात तोंड धरून थोडं ढकलणं आणि मग दोघांनी शांतपणे आपापल्या कामाला जाणं, हे ठीक आहे, एकमेकांची ताकद बघतात. पण एकच कायम पुढे पळतोय आणि एकच कायम मागे आहे, पळणाऱ्याने फिन्स मिटून घेतल्यात, रंग गेलाय, अंगावर उभे-आडवे काळपट पट्टे आलेत, खायला घातलं तरी बाहेर येत नाही, तर ते लाड नाहीत. तुमची मादी खात नसेल तर आजच मध्ये जाळी लावा. जाळीतून एकमेकांना आठवडाभर बघू देत, जाळी काढल्यावर पहिल्या तासात परत तेच झालं तर ही जोडी सोडून द्या, नर वाईट म्हणून नाही, दोघांचं जमत नाही म्हणून.

आणि टेम्परेचर तपासा. रॅम व्हेनेझुएला-कोलंबियाच्या ओरिनोको खोऱ्यातल्या उष्ण गवताळ मैदानांतला, १९४८ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन झालं. त्याला २८-२९ अंश लागतात. पुण्याच्या थंडीत बिनहिटरचा टँक २१-२२ पर्यंत उतरतो, अशा पाण्यात रॅम आजारी पडतो, अंडी वाढवणं लांबच. पाणी बोअरचं असेल तर तेही बघा, जड म्हणजे क्षार जास्त असलेल्या पाण्यात रॅमची अंडी नीट फळत नाहीत. रात्री खोलीत अगदी मंद दिवा ठेवा, गडद काळोखात आईबाप बिथरतात आणि सकाळी दगड रिकामा मिळतो.

कोल्हापूर. साडेतीन फुटी कम्युनिटी टँकमध्ये क्रिबेन्सिसनी पिल्लं काढली. सहा कोरीडोरास होते, त्यातल्या दोघांचे डोळे फोडलेत. बाकी कोणालाच काही केलं नाही. फक्त कोरीच का?

वाचून फार वाईट वाटलं. कोरी बिचारा तळाशी राहतो, रात्री रेतीत नाक खुपसत फिरतो, आणि त्याला हद्द ही गोष्टच कळत नाही. टेट्राला एकदा हाकललं की तो शिकतो, कोरीला दहा वेळा हाकललं तरी अकराव्यांदा तो त्याच पिल्लांमधून जातो. तो उलट लढतही नाही, अंगावर कवच आहे, मग क्रिब चावतो कुठे, तर डोळ्यांना. उरलेले चारही आजच बाहेर काढा, जखमी दोघांना वेगळ्या स्वच्छ पाण्यात ठेवा, एका डोळ्याचा कोरी पण चांगला जगतो. क्रिब नायजेरिया-कॅमेरूनकडचा, नर दहा सेंटीमीटरपर्यंत जातो, आणि आईबाप दोघं मिळून राखतात, म्हणजे राग दुप्पट. साडेतीन फुटात ते निम्मी जमीन सहज घेतात. पिल्लं काढायची असतील तर तळाला त्यांच्याशिवाय कोणी नको, आणि कोरी ठेवायचे असतील तर क्रिबची जोडी नको, एक एकटा नर ठेवा. दोन्ही एकत्र जमवायचा मार्ग मला माहीत नाही, आणि जो सांगेल त्याच्यावर विसंबून कोरींच्या जिवावर प्रयोग करू नका.

नागपूरहून. मे महिन्यात टँकचं पाणी ३३ अंशांवर जातं. त्याच काळात आमचे ॲपिस्टो जास्त भांडतात असं वाटतं. आणि गेल्या उन्हाळ्यातली पिल्लं मोठी झाली तर जवळपास सगळे नरच निघाले. हा योगायोग का?

योगायोग नाही, आणि तुमचं निरीक्षण फार छान आहे. ॲपिस्टोग्रामामध्ये पिल्लू नर होणार का मादी हे बऱ्याच अंशी पाण्याच्या उष्णतेवर ठरतं. र्‍योमर आणि बायसेनहेर्त्स ह्या जर्मन संशोधकांनी ३७ प्रजातींवर केलेलं काम १९९६ मध्ये छापून आलं, बहुतेक प्रजातींत पाणी गरम तर नर जास्त, थंड तर माद्या जास्त. हे पहिल्या काही आठवड्यांतच ठरून जातं, नंतर पाणी थंड करून उपयोग नसतो.

आणि त्यातूनच पुढचं भांडण जन्माला येतं बघा, एका टँकमध्ये वीस नर वाढले की पाच-सहा महिन्यांत ते एकमेकांना फाडायला लागतात. म्हणून उन्हाळ्यात अंडी घालू देऊ नका, एप्रिलच्या सुरुवातीला नर-मादी वेगळे करा, करवंट्या काढून टाका, पाऊस पडला की परत एकत्र करा. विदर्भात ॲपिस्टोचा हंगाम ऑगस्ट ते फेब्रुवारी धरा.

३३ अंशांत भांडण जास्त दिसतं त्याचं दुसरं कारण श्वास. २५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ८.२ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३३ ला ७.२, आणि त्याच वेळी माशाची गरज वाढलेली असते. पळणारा मासा दमतो, वर येतो, लपायची जागा सोडतो आणि परत मार खातो. एअर पंप जोरात लावा, झाकण काढून जाळी घाला, आणि पाण्यावर आडवा वारा जाईल असा छोटा पंखा लावा, बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात. कूलरच्या खोलीत दमटपणामुळे हा पंखा तेवढा चालत नाही, तिथे टँकच कूलरसमोरच्या भिंतीला घ्या. बर्फाच्या बाटल्या नका टाकू, दुपारी चार अंश उतरवायचं आणि रात्री परत चढवायचं ह्याने मासे जास्त खचतात. लाइट गेली तर बॅटरीवरचा एअर पंप हाताशी हवाच.

उन्हाळाभर मासे ठेवायचेच असतील तर रॅम घ्या, ३० अंशांपर्यंत ते मजेत असतात.

ताई, मी रत्नागिरीला दहावीत आहे. बाबांनी दोन फुटी टँक दिलाय. मला ॲपिस्टोची जोडी ठेवायचीये पण विकतच्या गुहा महाग आहेत. आणि मारामारी न करणारा ॲपिस्टो असतो का?

अगदी न करणारा नसतो रे, पण बोरेली घे. पराग्वे नदीच्या खोऱ्यातला, त्यातल्या त्यात सगळ्यात शांत, आणि दोन फुटात एक जोडी व्यवस्थित राहते.

विकतच्या गुहा कशाला, तुझ्या अंगणात सगळं आहे. नारळाची करवंटी घे, आतलं खोबरं खरवडून अगदी साफ कर, थोडं राहिलं तरी पाणी नासतं. दोन-तीन वेळा उकळ, पाणी लाल निघायचं कमी होईपर्यंत, मग तीन-चार दिवस बादलीत बुडवून ठेव आणि रोज पाणी बदल. डोळ्यांपैकी जो मऊ असतो ना, पोखरून तेवढंच भोक मोठं कर, करंगळी आरामात जाईल एवढं, कानशीने कडा घास म्हणजे मासा खरचटणार नाही. अशा तीन कर आणि पालथ्या घाल, तिन्हींची तोंडं तीन दिशांना.

रस्त्याकडेला ते मोठ्या पानांचं बदामाचं झाड असतं, त्याची आपोआप गळलेली वाळकी तपकिरी पानं गोळा कर, हिरवी तोडू नकोस, आणि आंब्याच्या बागेजवळच्या झाडाची तर घेऊच नकोस, बागेत फवारणी होते. धुऊन टाक, पाच-सहा पानं. सुरुवातीला तरंगतील, दोन दिवसांत तळाला बसतील. पाणी चहासारखं होईल त्याला घाबरू नकोस, त्या माशांचं मूळ पाणी तसंच असतं, आणि पानांच्या थराखाली मादीला एका क्षणात दिसेनासं होता येतं, तेच तिला हवं असतं.

मासे लगेच आणू नकोस. फिल्टर लावून टँक महिनाभर चालव, आठवड्याला थोडं पाणी बदल, मग आधी सात-आठ एम्बर टेट्रा आण, ते पंधरा दिवस नीट राहिले की बोरेलीची जोडी. दहावीचा अभ्यास आहे म्हणून सांगते, परीक्षा होईपर्यंत नुसता टँक आणि पानं चालू दे, मासे एप्रिलमध्ये आण. तुझ्याकडे किनाऱ्यावर नागपूरसारखं पाणी तापत नाही, तरी टँकवर ऊन येणार नाही एवढं बघ. मादी पिवळी झाली की मला कळव, पिल्लांना आर्टेमिया कसा काढायचा ते तेव्हा सांगते.